दुसऱ्या डोळ्यांचे श्रेय

केवडियाच्या १८२ मीटर उंच सरदार पटेलांच्या पुतळ्याचे सारे श्रेय एकट्या शिल्पकार राम सुतारांचे, हे मत मला पटत नाही. त्यांचे चिरंजीव अनिल सुतार या कामात त्यांच्या बरोबरीने होते. आणि लहान प्रतिकृतीवरून मूर्ती टप्प्याटप्प्याने मोठी करत जाताना, खालून पाहणाऱ्याला चेहरा आखूड दिसू नये म्हणून प्रमाणे पुनःपुन्हा तपासावी लागतात, जे विश्वासाच्या दुसऱ्या डोळ्यांशिवाय फार कठीण असते. आमच्या सांगलीतल्या एका मूर्तिशाळेत मी हे जवळून पाहिले आहे. वडील मचाणावर बसून शाडूची ओली माती अंगठ्याने दाबत होते आणि मुलगी जमिनीवरून सांगत होती, "अण्णा, डावी भुवई अजून थोडी पुढं घ्या." त्यांनी मागे वळूनही न पाहता ती पुढे घेतली.