मदत हवी आहे: ओपन एनरोलमेंट शुक्रवारी संपतंय, पीपीओ की एचडीएचपी?

चांदणवेल | बुधवार, रात्री १०:४०

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका राज्य विद्यापीठात नोकरी करते. आमचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षीचा आरोग्य विमा निवडायची मुदत) परवा शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होतंय. तीन वर्षं पीपीओ (हप्ता जास्त, पण आजारपणात खिशातून कमी) घेतोय. यंदा प्रीमियम वाढून महिना ४१० झालाय आणि एचडीएचपीचा (हप्ता कमी, पण सुरुवातीचा बराच खर्च आपला) फक्त १९० आहे, वर विद्यापीठ एचएसएमध्ये (औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं) १,५०० डॉलर टाकणार म्हणतात. ऑफिसातले सगळे एचडीएचपी घे म्हणतात. आम्ही दोघं आणि एक मुलगी (३ वर्षं), सगळे ठणठणीत. बदलू का? ज्यांनी बदललंय त्यांनी कृपया लवकर सांगा, बेनिफिट्स ऑफिसचा फोन लागत नाहीये.

दगडफूल | रात्री १०:५८

डोळे झाकून एचडीएचपी. सहा वर्षं घेतोय. एचएसएत जाताना टॅक्स नाही, वाढीवर नाही, औषधपाण्यासाठी काढताना नाही. पगारातून थेट वळते केले तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के करही वाचतो. २०२६ साठी कुटुंबाची मर्यादा ८,७५० आहे, विद्यापीठाचे १,५०० त्यातच धरायचे.

नाचणी | रात्री ११:०५

डोळे उघडे ठेवा हो. डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) किती? आउट ऑफ पॉकेट मॅक्स (वर्षात जास्तीत जास्त आपल्या खिशातून) किती? दोन्ही प्लॅनचं नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर-हॉस्पिटलं) एकच आहे का? नवऱ्याला नोकरीतून इन्शुरन्स मिळतो का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

चांदणवेल | रात्री ११:२१

सॉरी, घाईत राहिलं. पीपीओ: डिडक्टिबल माणशी ५००, कुटुंबाचं १,०००. मॅक्स माणशी ३,०००, कुटुंबाचा ६,०००. एचडीएचपी: कुटुंबाचं डिडक्टिबल ३,४००, मॅक्स ६,८००. डिडक्टिबलनंतर दोन्हीत आपण २० टक्के. नेटवर्क एकच. नवरा पब्लिक स्कूलमध्ये शिक्षक आहे, पण त्यांचा फॅमिली प्लॅन फार महाग, म्हणून तिघंही माझ्याकडे.

सह्यकडा | रात्री ११:३४

लहान मूल घरात असताना एचडीएचपी घेऊ नका. डेकेअरमधलं मूल हिवाळ्यात चार वेळा तरी कान धरून रडत येतं. पीपीओत २५-३० डॉलर को-पे दिला की सुटलो. इथे ३,४०० भरेपर्यंत प्रत्येक भेटीचं पूर्ण बिल तुमच्या अंगावर. आणि मग काय होतं ते मी स्वतः पाहिलंय: माणूस डॉक्टरकडे जायचं टाळायला लागतो. माझी बायको पोटदुखी अंगावर काढत राहिली, कारण डिडक्टिबल. शेवटी इमर्जन्सीत अपेंडिक्स. पैसे वाचवण्याच्या नादात हे करू नका.

दगडफूल | रात्री ११:४७

सह्यकडा, वाईट वाटलं वाचून. पण दोष प्लॅनचा नाही. प्रीमियममध्ये वाचणारे महिन्याचे २२० बाजूला ठेवले तर वर्षाचे २,६४० होतात. पैसे असतात, फक्त ते आपले वाटतात म्हणून खर्चवत नाहीत. लसी, मुलांची वार्षिक तपासणी, मॅमोग्राफी हे दोन्ही प्लॅनमध्ये डिडक्टिबलच्या आधीच फुकट आहे.

सह्यकडा | रात्री ११:५२

पोटात दुखणं वार्षिक तपासणीत बसत नाही.

बोरीबंदर | गुरुवार, सकाळी ६:१०

पुण्याहून. इकडे वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आई-वडिलांची पॉलिसी काढायची असेल तर हीच वेळ. ज्येष्ठांच्या प्रीमियमवर ५० हजारांपर्यंत करवजावट मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच.

नाचणी | सकाळी ७:०२

बोरीबंदर, माहिती चांगली आहे, पण तिने भारतातलं विचारलेलं नाही. :)

चांदणवेल, एक थेट विचारते, उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. २०२६ मध्ये माहीत असलेला मोठा खर्च काही आहे का? ऑपरेशन, बाळंतपण, दातांचं काही?

चांदणवेल | सकाळी ७:४०

हो. मार्चमध्ये दुसरं येतंय. अजून घरीही सगळ्यांना सांगितलेलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. सगळे ठणठणीत हे खरंच आहे, आजारपण कोणालाच नाही. फेब्रुवारीत आई येणार आहे.

सह्यकडा | सकाळी ७:४८

अभिनंदन! पण मग विषयच संपला. पीपीओ. आमच्या थोरल्याच्या वेळी, २०१९ मध्ये, हॉस्पिटल नेटवर्कमधलं, डॉक्टर नेटवर्कमधली, आणि एपिड्युरल द्यायला आलेला भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा. त्याचं वेगळं बिल दोन महिन्यांनी आलं. कळा येत असताना कोण विचारतं की बाबा तू कुठल्या नेटवर्कचा?

नाचणी | सकाळी ८:०५

ते आता तसं होऊ शकत नाही. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट लागू आहे. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरचा असला तरी तुमच्याकडून नेटवर्कच्या हिशेबानेच घ्यायचं. आणि ती अडचण तेव्हाही पीपीओ-एचडीएचपीची नव्हतीच.

मधली_सुट्टी | सकाळी ८:३०

अभिनंदन! आईला अळीव आणायला सांगू नकोस, इथे इंडियन ग्रोसरीत सर्रास मिळतात. डिंक मात्र घरचा चांगला, इथल्याला वास नसतो. आईचा व्हिजिटर इन्शुरन्स तिकडून काढणार की इथून? आम्ही सासूबाईंचा इथल्या कंपनीचा काढला होता. आधीपासूनच्या दुखण्यांचं कलम ओळ न ओळ वाच. विद्यापीठाच्या प्लॅनमध्ये आईला घालता येत नाही, विचारण्यात वेळ घालवू नकोस.

दगडफूल | सकाळी ९:१५

बाळंतपण आहे म्हणून पीपीओ, हे सगळे पाठ केल्यासारखं म्हणतात. आकडे मांडू. दोन्ही प्लॅनमध्ये मॅक्स गाठला असं धरा. पीपीओ: प्रीमियम ४,९२० अधिक ६,००० म्हणजे १०,९२०. एचडीएचपी: २,२८० अधिक ६,८०० म्हणजे ९,०८०. त्यातून विद्यापीठाचे १,५०० वजा, ७,५८०. सगळ्यात वाईट वर्षातसुद्धा एचडीएचपी ३,३४० डॉलरनी स्वस्त.

नाचणी | सकाळी ९:५०

मॅक्स गाठलाच पाहिजे असं नाही. नॉर्मल डिलिव्हरी, मंजूर बिल आईचं १५,००० आणि बाळाचं ३,००० धरून बघा. (बाळाचं बिल वेगळं येतं, त्याचं डिडक्टिबलही वेगळं सुरू होतं, हे लक्षात ठेवा.) पीपीओत आई ३,००० वर थांबेल, बाळ ५०० अधिक २० टक्क्यांचे ५००, म्हणजे १,०००. एकूण प्रीमियमसह ८,९२०. एचडीएचपीत ३,४०० अधिक उरलेल्या १४,६०० चे २० टक्के, २,९२०. प्रीमियमसह ८,६००. फरक फक्त ३२० चा. म्हणजे सगळं त्या १,५०० वर आलं. ते मिळणार नक्की का, हे बघायला हवं. नवऱ्याच्या शाळेत एफएसए (पगारातून करमुक्त वळवून त्याच वर्षात खर्चायचे पैसे) घेतलंय का?

चांदणवेल | सकाळी १०:२०

त्याचा काय संबंध? त्याने २,५०० चं हेल्थ एफएसए घेतलंय, पण ते त्याच्या पगारातून जातं. चष्मा केला, दात केले, १,९०० शिल्लक असतील. माझं फक्त डेकेअरचं एफएसए आहे, ५,००० चं.

नाचणी | सकाळी १०:३१

हाच संबंध. त्याच्या साध्या हेल्थ एफएसएतून बायको-मुलांचाही खर्च भागवता येतो, म्हणून आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) लेखी तुम्हीही त्याखाली कव्हर्ड. वापरा किंवा नका वापरू. ते चालू असेपर्यंत तुमच्या एचएसएत एक डॉलर पडायला नको. तुमचाही नाही, विद्यापीठाचाही नाही. पडला तर जादा भरणा समजतात आणि काढून घेईपर्यंत दरवर्षी ६ टक्के दंड. डेकेअरच्या एफएसएची मात्र काही आडकाठी नाही.

दगडफूल | सकाळी १०:४०

बरोबर आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. मग १ जानेवारीपासून त्याचं बंद करा.

चांदणवेल | सकाळी १०:५५

शाळांचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. त्यांचं एनरोलमेंट मे महिन्यात. मध्येच बंद होत नाही असं तो म्हणतोय. आता काय? मला रडू यायला लागलंय. चार रात्री मी हेच पोर्टल उघडून बसते. कार्टमध्ये एचडीएचपी टाकते, मुलगी उठते, परत आल्यावर लॉगआउट झालेलं असतं.

ओहायोकर | सकाळी ११:१०

चांदणवेलताई, धीर धरा. यावरून आठवलं, मी पुढच्या वर्षी ६५ चा होतोय आणि अजून नोकरीत आहे. मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी विमा) सुरू झाल्यावर एचएसएत भरता येत नाही म्हणतात, खरं का?

दगडफूल | सकाळी ११:१८

काका, खरं आहे. आणि ६५ नंतर उशिरा घेतलंत तर पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) सहा महिने मागून लागू होतं, म्हणून भरणा सहा महिने आधीच थांबवायचा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

नाचणी | सकाळी ११:४५

चांदणवेल, रडायचं काही नाही, उलट जुळून आलंय. असं बघा. एचडीएचपी घ्यायचा, पण एचएसए नको म्हणून सांगायचं. विद्यापीठाचा भरणा आपोआप पडत असेल तर तो थांबवायला लेखी कळवायचं. मार्चमध्ये बिलं येतील. ती तशीही एचएसएतून भरता आली नसती, कारण खातं उघडण्याआधीचा खर्च त्यात चालत नाही. तो भागवायचा नवऱ्याच्या एफएसएतून. ते १,९०० तिथे पडून आहेत, आणि एफएसएची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, पगारातून कापून व्हायची वाट बघावी लागत नाही. ३० जूनपर्यंत शिल्लक शून्य करा. शाळेत शिल्लक पुढे नेण्याची सोय असेल आणि थोडी जरी पुढे गेली, तर पुढचं सगळं वर्ष अडकतं. मे महिन्यात नवऱ्याने एफएसए घ्यायचं नाही. १ जुलैला तुमचं एचएसए उघडायचं. एचएसएची रक्कम वर्षात केव्हाही सुरू करता येते, ओपन एनरोलमेंट लागत नाही.

दगडफूल | दुपारी १२:०५

आणि १ डिसेंबरला तुम्ही पात्र असाल तर पूर्ण वर्षाचे ८,७५० भरता येतात, सहाच महिन्यांचे नाही. अट एवढीच की पुढचं अख्खं वर्ष, म्हणजे २०२७ च्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहायला हवं. नवऱ्याला बजावून ठेवा, २०२७ च्या मे महिन्यात सवयीने एफएसएवर टिक करायचा नाही.

सह्यकडा | दुपारी १२:२०

एवढी कसरत करण्यापेक्षा ३२० डॉलर जास्त गेलेले परवडले. ओल्या बाळंतिणीने हे हिशेब ठेवत बसायचं का? माझं मत अजूनही पीपीओ. पण कुठलाही घेतलात तरी दुखलं-खुपलं तर डॉक्टरकडे जा, एवढं ऐका.

मधली_सुट्टी | दुपारी १:०५

कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. मेडिकल प्लॅन काही न करता पुढे चालू राहतो, पण एफएसए राहत नाही. डेकेअरचं दरवर्षी नव्याने भरावं लागतं. माझी एका वर्षी ही चूक झाली, पूर्ण वर्षाची सवलत गेली. २०२६ पासून मर्यादा ५,००० वरून कुटुंबाला ७,५०० झाली आहे, तुझ्या विद्यापीठाने लागू केली असेल तर. आणि बाळ झाल्यावर ३० दिवसांत त्याचं नाव घाल. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघू नकोस, तो मागाहून देता येतो.

चांदणवेल | शुक्रवार, दुपारी ३:३५

काल रात्री दोघं बसून सगळं पुन्हा मांडलं. आज सकाळी बेनिफिट्स ऑफिसात स्वतः जाऊन उभी राहिले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या फॉर्मवर प्रश्नच आहे, "तुम्ही किंवा तुमच्या जोडीदाराकडे हेल्थ एफएसए आहे का?" मी गेले चार दिवस तो न वाचता "नाही" करत होते. आता एचडीएचपी घेतला, एचएसए नाकारलं. जुलैत सुरू केलं तर विद्यापीठ निम्मे, ७५० टाकेल. डेकेअरचं खरंच शून्य झालेलं होतं! ७,५०० इथे लागू आहे, तेवढे भरले. सह्यकडा, तुमचं पटत नाही असं नाही. प्रीमियमचे २२० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलंय, डॉक्टरसाठीच. नाचणी, दगडफूल, मधली_सुट्टी, मनापासून आभार.

नाचणी | दुपारी ३:५०

सबमिट केलंत की नुसतं सेव्ह? कन्फर्मेशनची पीडीएफ उतरवून घ्या. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे मेडिकल, डेंटल, व्हिजन तिन्ही दिसतंय का ते एकेक बघा. प्लॅन बदलला की कधी कधी डिपेंडंटच्या खुणा उडतात.

चांदणवेल | संध्याकाळी ४:२२

मुलीच्या नावापुढे डेंटल कोरं होतं. खूण केली, पुन्हा सबमिट केलं. नवी पीडीएफ उतरवली, तिन्ही आहेत.