मदत हवी आहे: मॅनहोलमधल्या कामगारांचे मोबाइल व्हिडिओ कोर्टात टिकतील असे कसे जपायचे?

नमस्कार मंडळी,

मी विद्यापीठातल्या एका छोट्या मानवी हक्क अभ्यास केंद्रात संशोधन सहायक आहे. माणसांना गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवलं जातं, त्याच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आहे. 2013 चा बंदीचा कायदा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. पण ठेकेदार सरळ म्हणतो, "आम्ही कुणाला उतरवलंच नव्हतं." तिथेच घोडं अडतं.

व्हिडिओ असतात हो! एकात कमरेला दोरी बांधलेला माणूस खाली जातोय, मास्क नाही, हातमोजे नाहीत, मागच्या दुकानाची पाटी वाचता येते. म्हणजे जागा पटवता येईल. वेळ कशी पटवायची? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फाइलमधली मूळ माहिती (कधी, कुठे, कुठल्या फोनवर चित्रित झाली ती) गळलेली असते. नावात तारीख दिसते, पण ती चित्रीकरणाची असेलच असं नाही. मूळ फोनपर्यंत पोचावं तर मेमरी भरली म्हणून व्हिडिओ उडवलेला. आता वस्तीत आम्ही सांगत फिरतो: उडवू नका, आणि पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानवी हक्क केंद्राने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयासोबत 2020 मध्ये काढलेला 'बर्कली प्रोटोकॉल', म्हणजे डिजिटल पुरावा गोळा करायची आणि जपायची मार्गदर्शिका, आम्ही समोर ठेवलाय. फाइल हाती येताच हॅश (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा ओळख-आकडा) काढणं, मूळ प्रतीला हात न लावणं, कुणाकडून कधी आली ते लिहिणं, एवढं जमतंय. पण तो मुळात इंटरनेटवरच्या खुल्या माहितीसाठी आहे. कुणी विश्वासाने थेट हातात दिलेल्या फाइलचं काय?

माझा मुख्य प्रश्न वकील मंडळींना. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र लागतंच असं सांगितलं. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं आणि प्रमाणपत्राच्या 'ब' भागावर तज्ज्ञाची सही आली. तालुका कोर्टात प्रत्यक्षात हा तज्ज्ञ म्हणून कोण चालतो? आमच्याच विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक चालतील का? 'अ' भागावर सही कुणाची, चित्रीकरण करणाऱ्याची की आमची?

दुसरं, संमतीपत्र. व्हिडिओ देणारा बऱ्याचदा त्याच ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतो. नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी काम बंद. सोप्या मराठीतला, मोठ्याने वाचून दाखवता येईल असा नमुना कुणाकडे आहे का? संमती नंतर मागे घेता येईल हे त्यात हवंच.

बर्कली किंवा एसेक्स विद्यापीठाच्या विद्यार्थी-पडताळणी गटात (विद्यार्थी असे व्हिडिओ खरे आहेत का ते तपासतात) काम केलेलं कुणी मराठी माणूस इथे असेल तर जरूर लिहा. मृत्यूचे व्हिडिओ पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींना कसं सांभाळावं, हेही विचारायचं आहे.

कृपया असे व्हिडिओ धाग्यात टाकू नका, चेहरे ओळखू येतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.