विटाव्यात तबेल्यात पाणी शिरलं; पौर्णिमेच्या आत दोन घोड्या आणि शिंगरू कुठे हलवू?

विटाव्याची सून

आधीच सांगते, मला घोड्यांतलं फार कळत नाही. माहेर डोंबिवलीचं, तिसरा मजला, जनावर म्हणजे गॅलरीतली कबुतरं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तबेल्यात सासूबाई मला अजून "पाहुणी"च म्हणतात.

आजेसासऱ्यांपासून आमचा वरातीला घोडी द्यायचा धंदा. आता दोन घोड्या आहेत. बत्ताशी, नऊ वर्षांची, पांढरीशुभ्र नुकरा. घर तिच्या पाठीवर चालतं. दुसरी ताई. कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची, वय एकवीस, पाठ खचलेली, दात झिजलेले, आता कामाला नाही. गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, बघून सासऱ्यांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती. आणि बत्ताशीचं चार महिन्यांचं शिंगरू. त्याच्यापायी गेला सीझन निम्मा बुडाला, आणि आता चातुर्मास. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वरात नाही म्हणजे पैसा नाही, खाणं मात्र रोजचं. नवरा या दिवसांत रात्रपाळीची रिक्षा चालवतो.

गेल्या सोमवारीही तो रिक्षावरच होता. रात्री एकच्या सुमारास आधी वास आला. नाल्याकडच्या भिंतीला खाली एक भोक आहे, त्यातून काळं पाणी गुळण्या टाकत आत येत होतं. वरून पारसिकच्या डोंगराचं पाणी, खालून खाडीचं, आणि मध्ये आम्ही. मी गव्हाणीतला हरभरा उचलायला धावले, तर सासूबाई ओरडल्या, "पाहुणे, चंदी राहू दे, दोऱ्या सोड आधी!" गाठी भिजून दगड झालेल्या. शेवटी भाजीच्या सुरीनं कापल्या.

दार उघडलं तर बत्ताशी हलेना. बँड, फटाके, नाचणारी दोनशे माणसं, कशाला न बिचकणारी घोडी त्या पाण्याकडे बघून थरथरत उभी. पाठीवर थाप मारली, ओढलं, रडलेसुद्धा. तेवढ्यात मागून ताई आली, आम्हाला बाजूला सारून सरळ पाण्यात उतरली. आधी पुढची टाप पाण्याखाली घासून जमीन चाचपायची, मग वजन टाकायची. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल. अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई लुगडं खोचून तिच्या मानेला धरून. मग बत्ताशी ताईच्या शेपटीला नाक लावून निघाली, तिच्या कुशीला शिंगरू. माझ्या कमरेएवढं पाणी होतं. मधे चार-पाच पावलं शिंगराचे पाय टेकेनात, तर ते चक्क पोहलं.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो. एका सोसायटीच्या फाटकाशी विचारलं, तासभर पार्किंगच्या कोपऱ्यात उभं राहू देता का? वॉचमन बिचारा म्हणाला, "ताई, कुत्रं असतं तर सोडलं असतं." सहा वाजेपर्यंत पुलाच्या आडोशाला उभ्या होतो. एका चहावाल्यानं कोरडी पोती दिली, ती शिंगराच्या अंगावर टाकली.

आज गुरुवार. तबेल्यात वीतभर गाळ होता, तो काढला; जमीन अजून ओलीच आहे. दोन पोती हरभरा भिजला, कडब्याला वास येतोय. बत्ताशीचा मागचा एक नाल पाण्यात गेला आणि त्याच टापेला कुजका वास आहे. आणि मला भीती वाटतेय ती याची: त्या रात्रीपासून ती बसलेली नाही. उभ्या उभ्या डोळे मिटते, मग एकदम गुडघे मोडतात आणि दचकून सावरते. असं का होतं?

पौर्णिमेला दहा दिवस आहेत. तेव्हा परत पाणी चढेल असं सगळेच म्हणतात. नवऱ्याला दिघ्यात एक बंद पडलेली शेड दाखवलीय, पण मालक जनावरामागे भाडं मागतो. नवरा म्हणतो दोघांनाच नेऊ, ताईला मुरबाडकडे एका ओळखीच्या शेतावर सोडू. सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोललेल्या नाहीत.

परळचा जुना माणूस

सूनबाई, मी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते. नोकरीत घोड्यांच्या टापाच जास्त बघितल्या, म्हणून लिहितो. पण हे वाचून डॉक्टरला बोलावणं टाळू नका. १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे, तिथे फोन करा.

गुडघे मोडण्याचं कारण झोप. घोडा उभ्यानं डुलक्या काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो लागतोच. ओल्या जमिनीवर किंवा जिथे भीती वाटते तिथे घोडी बसत नाही. चार रात्री झाल्या म्हणजे उभ्याउभ्या गाढ झोप लागते आणि पाय सुटतात. तिला कोरडी जागा द्या. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, चांगला वीतभर थर टाका, आणि जुन्या घोडीला तिला दिसेल अशी उभी करा. एक जागं असलं की दुसरं निजतं.

टाप उचलून मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आकड्यानं साफ करा. काळा चिकट मळ आणि तो वास असेल तर खूर कुजायला लागलाय. धुवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडं करा. खाचेत मोरचुदाची पूड चालते, मात्र आत लाल मांस दिसत असेल तर मोरचूद लावू नका, भयंकर झोंबतं, पुन्हा टाप हातात देणार नाही. नालबंद येईल तेव्हा जोडीच्या पायाचाही नाल काढून घ्या, म्हणजे घोडी तिरकी उभी राहणार नाही.

आता खरी तातडीची गोष्ट. पाण्यातून चालताना खिळा, पत्रा, काच काहीही लागलेलं असू शकतं. धनुर्वात घोड्याला जितक्या लवकर धरतो तितका दुसऱ्या कुठल्या पाळीव जनावराला नाही. आधी इंजेक्शन झालंय की नाही आठवत नसेल तर झालेलं नाही असंच धरा. तिघांचंही.

भिजलेला हरभरा वाळवून घालायचा मोह होईल. घालू नका. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं बुरशीचं खाणं तिथेच राहतं आणि पोटशूळ उठतो. दोन पोत्यांचे पैसे गेले समजा.

आणि तुम्ही दोघी कमरेभर पाण्यातून गेलात. लेप्टोच्या गोळीचं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारलंत का? खाडीपाण्यात उंदराचं आणि जनावरांचं मूत असतं. तीन दिवसांच्या आत विचारायला हवं होतं. आजच जा, सासूबाईंना घेऊन.

खाडीवाला

आम्ही कोळी, भरती घड्याळात बघत नाही. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. सोमवारी बीज होती. दोनाची पाऊणपट दीड. पाणी एकला चढायला लागलं म्हणताय, बरोबर बसतंय. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत जरा उशीर. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री अकरा-बारानंतर सावध. दोन्ही वेळा.

पण पौर्णिमा गेली की उधाण गेलं असं धरू नका, पाणी दोन-तीन दिवस मागे रेंगाळतं. २६ जुलै २००५ आठवा. पौर्णिमा २१ ला होऊन गेलेली, तरी २६ ला दुपारी तीनच्या आत ४.४८ मीटरची भरती होती. त्यात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. नाल्याचं तोंड भरतीनं बंद झालं की वरचं पाणी जाणार कुठे? तुमच्या भिंतीच्या भोकातून पाणी येतं ते तसंच. ते भोक बुजवून उपयोग नाही, दारातून येईल. उलट भोकाशी एक काठी रोवून ठेवा आणि खुणा करा. पहिल्या खुणेला पाणी आलं की दोऱ्या सोडायच्या.

अष्टमी-नवमीला भांग असतं, पाणी मंद. हलवायचं तर त्या दिवसांत हलवा.

सेक्टर सतरा

वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो. शहरात घोडे ठेवायचेच कशाला? मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्या २०१५ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या त्या उगाच नाही. नाल्याकाठचा तबेला हा जनावरांवरही अन्याय आहे.

विटाव्याची सून

@सेक्टर सतरा, चुलत सासऱ्यांची व्हिक्टोरियाच होती. निकालानंतर त्यांनी घोडा विकला आणि आता एका इमारतीत वॉचमन आहेत. तबेला नाल्याकाठी नव्हता हो. तबेला होता, मग नाला बांधून अरुंद केला, मग आजूबाजूला भराव पडला आणि आम्ही खड्ड्यात गेलो. जागा वाईट आहे हे मान्यच आहे, म्हणून तर विचारतेय.

@परळचे काका, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली. आरोग्य केंद्रातही जाऊन आलो. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, आधी घोडीला दिलंत का?

उल्हासकाठचा तबेलेवाला

बदलापूर. आमच्या म्हशी. २००५ ला सात होत्या. वडिलांनी चार सोडल्या, तिघींच्या साखळ्यांची कडी पाण्याखाली गेली आणि हाताला लागेना. सुटलेल्या चार दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या भरावावर रवंथ करत उभ्या. तीन तबेल्यातच. यावर जास्त लिहीत नाही.

२०१९ च्या जुलैत, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली ती रात्र, आम्ही संध्याकाळीच सगळी सोडून चढावर नेली होती. एकही गेलं नाही. तेव्हापासून पावसाळ्यात साखळी बंद, सुती दोरी, आणि सुटी गाठ, एका हिसक्यात निघेल अशी. सुरी लागता कामा नये. बाहेर काढल्यावर तोंडाची मोरखी राहू द्या, पण लोंबती दोरी ठेवू नका, कशाततरी अडकून जनावर बुडतं. मोकळा घोडा पोहतो, शिंगरू पोहतं ते तुम्ही बघितलंच.

अंगावर फोन नंबर लिहा. सुटलेलं जनावर चार किलोमीटरवर सापडतं आणि कोणाचं ते कळत नाही.

भरपाईच्या भरवशावर राहू नका. केंद्राच्या २०२२ च्या निकषात ओढकामाचा घोडा दगावला तर ३२,००० आणि तट्टू-खेचराला २०,००० होते, तेही तलाठ्याचा पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला असेल तर. तुमच्या नुकऱ्याची किंमत तुम्हाला माहीत. जनावर जिवंत राहिलं आणि हरभरा गेला याचे मला तरी कधी मिळाले नाहीत. तरी सगळ्या जनावरांचे आजच फोटो काढून ठेवा.

शेडबद्दल. जुन्या कंपनीची असेल तर माल चढवायचा ओटा असेल, ट्रकच्या उंचीचा. तो असेल तर तीच घ्या. घोडी ओट्यावरून सरळ टेम्पोत चढते, आणि ओटा चार फूट उंच म्हणजे पाणी आलं तरी वेळ मिळतो. टेम्पोच्या पत्र्यावर वाळू टाका, घसरतात. मुरबाडला न्याल तर पहिल्या दिवशी हिरव्या गवतावर मोकळं सोडू नका, कोरड्या वैरणीवरच्या घोडीचं पोट बिघडतं.

आणि भाऊंना माझा एक प्रश्न विचारा. पुढच्या वेळी बत्ताशी दारात अडली तर तिच्यापुढे कोण चालणार?

विटाव्याची सून

आज अष्टमी. काल हललो.

शेडला खरंच ओटा आहे. तबेलेवाल्या दादांचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, चहा प्यायला, आणि रात्री तिसऱ्या जनावराच्या भाड्याची घासाघीस करून आला. निम्म्यावर आणलंय. त्याबदल्यात शेडची राखण आमच्याकडे, म्हणजे सासूबाईंकडे. खाटलं घेऊन तिथेच मुक्काम.

ताई टेम्पोत आधी चढली. मागोमाग बाकीची, ओढावंसुद्धा लागलं नाही. नालबंद येऊन बत्ताशीचा उरलेला मागचा नाल काढून गेला. टापेचा वास कमी आहे.

नंबरासाठी मी मेंदीचा कोन आणला. लग्नसराईत बत्ताशीच्या पायांवर मीच मेंदी काढते, ते एक काम मला येतं. मागच्या मांडीवर दहा आकडे काढले, सुकवले, पांढऱ्यावर छान उठून दिसतात. ताईच्या कुमैत अंगावर मेंदी दिसेना, तर तिच्या टापेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिला. शिंगरू उभंच राहिना, त्याच्यावर सहाच आकडे झालेत.

काल रात्री अकराला सासूबाईंचा फोन आला. इतक्या हळू बोलत होत्या की मला वाटलं काहीतरी झालं.

"पाहुणे, बत्ताशी बसली. पाय पसरून घोरतेय. फोन ठेव आता."

परळचा जुना माणूस

घोरू दे. शिंगराचे राहिलेले चार आकडे तेवढे पुरे करा.