माळवदाचं घर, हिंगोलीचे धक्के आणि ऐकायला तयार नसलेले अण्णा

वसमतची_लेक:

माझं माहेर वसमत तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, पांगरा शिंदेच्या पट्ट्यातलं म्हटलं तरी आमच्याकडच्यांना कळेल. जमिनीतून गुडगुड येणं आम्हाला नवीन नाही. पण २०२४ च्या २१ मार्चला सकाळी सकाळी लागोपाठ दोन धक्के बसले, त्यातला पहिला ४.५ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. जुलैच्या धक्क्यानंतर आईने फोन केला तेव्हा ती अंगणात उभी होती आणि अण्णा आत चहा पीत होते.

घर पणजोबांनी बांधलेलं, दगडमातीचं. भिंती सहज अडीच-तीन फूट जाड, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. ढेलज, ओसरी, माजघर, भिंतीतच धान्य साठवायचं बळद. खिडकी म्हणाल तर माजघरात एकही नाही, वरच्या साण्यातून येईल तेवढाच उजेड. चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली. दक्षिणेच्या भिंतीला उभी भेग आहे आणि बाहेरून भिंतीला पोट सुटलंय.

अण्णांचं म्हणणं असं : "ह्या भिंतीनं रझाकार पाहिले. तुमच्या चार इंची विटांच्या घराला खिळा ठोकला तर पलीकडं निघतो." आईला भीती वाटते, पण ती बोलत नाही. मी नांदेडला नोकरीला. दोघांना माझ्याकडे आणायचं तर अण्णांची दोन जनावरं आहेत, शेत आहे, आणि लेकीच्या घरी राहायचं हा विषय त्यांच्यापुढे काढायची माझी तरी हिंमत नाही.

पाडून नवीन बांधण्याइतका पैसा आज नाही. कमी पैशात काही करता येतं का? आणि अण्णांना कसं समजवायचं? फोटो टाकलेत.

गुंठेवारी_किंग:

पाडा आणि स्लॅब टाका. विषय संपला. मातीच्या घरात कोण राहतं आता?

निवृत्त_शाखा_अभियंता:

ताई, फोटो मोठे करून बघितले. १९९३ नंतर काही वर्षं लातूर-उस्मानाबादकडे पुनर्वसनाच्या कामावर होतो, त्यामुळे अशी घरं आतून-बाहेरून पाहिलीत. जरा सविस्तर लिहितो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा भूकंप, जगाच्या हिशेबात मध्यम. माणसं गेली आठ ते दहा हजार, कुणाचा आकडा धरता त्यावर आहे. हादरा उथळ होता हे एक कारण. पण पहाटे उजाडल्यावर जे दिसलं ते दगड आणि मातीचे ढीग होते, आणि ते दगड कुणीतरी, कधीतरी, चांगल्या कारणाने रचलेले होते.

तुमच्या अण्णांचीच भिंत घ्या. ती एक भिंत दिसते, असतात दोन. बाहेरची घडीव दगडाची, आतली ओबडधोबड, मध्ये चिपा आणि माती. या दोघींना धरून ठेवायला मधूनमधून आरपार लांब दगड घालायचा असतो. जुने गवंडी घालायचे. पण असा दगड मिळायला आणि घडवायला महाग, बाहेरून तो दिसतही नाही, म्हणून उक्त्या कामात पहिला तोच गळाला. हादऱ्याने बाहेरची भिंत बाहेर जाते, आतली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येते. तुम्ही ज्याला पोट सुटणं म्हणता ती याचीच सुरुवात, भूकंप नसतानाही होते. बळद जिथे आहे तिथे भिंत आधीच पोकळ.

भिंती एवढ्या जाड का? दरोडेखोरांची भीती, त्यानंतर अण्णा म्हणतात तो रझाकारांचा काळ. मे महिन्यातलं ऊन. आणि मान! 'किती हाताची भिंत आहे' यावरून सोयरीक जोखणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. खिडकी नाही ती याच भीतीपायी, आणि खिडकी नाही म्हणजे पळायला दार एकच.

आता माळवद. बांधताना वर वीतभर पांढरी माती घातलेली असते. पावसाळ्यात गळायला लागलं की खालची न काढता वरून नवी पांढरी टाकायची, कारण काढायला मजूर लावावे लागतात आणि टाकायला घरचं माणूस पुरतं. दोन पिढ्यांनी हे केलं की वीतभराची दोन फूट होते. मी हिशेब करून सांगतो : दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ-दहा टन. खाली आपण सतरंजी टाकून झोपतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. आपल्याकडची जुनी घरं खणांची. छताचं वजन लाकडी खांब आणि तुळयांवर असायचं, भिंत नुसती आडोशाला. किल्लारी परिसरात अशी घरं मी पाहिली की चारही भिंती ढासळल्या, पण खांबांवर माळवद उभं आणि माणसं खाली जिवंत. नंतर सागवान परवडेना, मग लोकांनी खांब गाळून तुळई सरळ दगडी भिंतीत खुपसायला सुरुवात केली. ती घरं बसली. तुमच्या माजघरात वाटणीची भिंत जिथे आली आहे तिथे एक खांब असायला हवा होता. तो काढलाय का? ओसरीवरच्या खांबांच्या ओळीकडे बघून मला तसं वाटतं.

फोटोत छतावर पाण्याची टाकी पण दिसते. हजार लिटरची असेल तर भरल्यावर एक टन.

औसेकर_मावशी:

ताई, मी किल्लारीकडचीच. तेव्हा सासरी होते म्हणून वाचले, माहेरचं घर गेलं. सगळं लिहीत नाही.

एवढंच सांगते की आमच्या गावात ज्यांचं घर सगळ्यात मजबूत म्हणून नाव होतं त्यांच्याकडे सगळ्यात जास्त माणसं गेली. गावाबाहेर पालाच्या, कुडाच्या झोपड्यांत राहणारे कितीतरी जण खरचटण्यावर निभावले. शेतावर राखणीला गेलेले वाचले. माझा थोरला भाऊ भांडण करून रागाने मळ्यात झोपायला गेला होता, तो वाचला. त्याला आजही कुणी 'नशीबवान' म्हटलं की उठून जातो.

पुनर्वसनाचंही ऐका. ५२ गावं उठवून नवीन जागी वसवली. घर किती मोठं मिळणार ते जमिनीवर ठरलं : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. माणसं किती गेली, किती उरली, घरात किती जण झोपतात, याचा त्यात हिशेब नव्हता. नवीन गाव असं ऐसपैस की शेजारणीला हाक मारली तर पोचायची नाही. बायकांना सरपण, गुरांना गोठा, धान्याला जागा, काहीच नव्हतं. मग लोकांनी आपापली शेडं जोडली, आणि ती कशाने? जुन्या गावातून ट्रॅक्टरने आणलेल्या त्याच दगडांनी, त्याच चिखलात. भीती दहा वर्षं टिकली. दगड फुकट होता.

अण्णांना रागावू नका. आईला विचारा ती कुठे झोपते.

तर्कवादी_नांदेड:

उगाच घाबरवताय. ४.५ च्या धक्क्याने घरं पडत नाहीत, २०२४ मध्येही पडझड किरकोळच झाली. पुण्या-मुंबईत बसून मराठवाड्याच्या घरांना नावं ठेवणं सोपं आहे. शंभर वर्षं उभं आहे ते घर.

निवृत्त_शाखा_अभियंता:

मी लातूरलाच राहतो, साहेब.

४.५ ने घर पडत नाही हे बरोबर. ६.२ मध्ये त्याच्या साधारण साडेतीनशे पट ऊर्जा असते. हिंगोलीत तसा होईल असं मी म्हणत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण एक नोंद आहे. १९९२ च्या पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला असेच लहान लहान धक्के बसत होते, त्यातला एक ४ च्या आसपासचा. लोक बाहेर झोपले. धक्के थांबले, लोक आत गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वर्षभर कोण थंडी-पावसात अंगणात झोपेल? सरकारी नकाशातही लातूर तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होतं. तो पहिला पट्टाच २००२ मध्ये रद्द केला.

शंभर वर्षं उभं आहे ते घर आज तेच राहिलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यावर दोन फूट माती नव्हती, टाकी नव्हती, आणि मधला खांब होता.

'पाडा आणि स्लॅब टाका' म्हणणाऱ्यालाही सांगतो. ९३ नंतर आमच्याकडे लोकांच्या डोक्यात बसलं की स्लॅब म्हणजे सुरक्षित. काळ्या मातीत उथळ पाया, चार इंची भिंत, दारांवरून सलग फिरणारा सिमेंटचा पट्टा नाही, आणि त्यावर स्लॅब : हे माळवदाहून फार बरं नाही. नुसता पैसा जास्त गेलेला असतो. मजबुतीकरणाची योजना होती तेव्हा बहुतेकांनी त्या पैशात शेजारी एक विटांची खोली काढली. जुनं घर होतं तसंच राहिलं, आणि उन्हाळ्यात स्लॅबखाली अंग भाजतं म्हणून झोपायला पुन्हा जुन्यातच. आमचे लोक गावात जाऊन 'तुमचं घर धोकादायक आहे' असं भाषण करायचे. बापजाद्याच्या घराला असं म्हटल्यावर कोण ऐकेल?

ताई, तुम्ही अण्णांशी घराच्या बाजूने बोला. पणजोबांनी बांधलं होतं तसं ते परत करायचं आहे, असं. ते खोटंही नाही. टाकी खाली जमिनीवर, माळवदाची माती उतरवून वीतभरच ठेवायची, खांब परत बसवायचा, खांब-तुळईच्या कोनात तिरपे लाकडी टेके मारायचे. पोट सुटलेला भाग उतरवून पुन्हा रचायचा, या वेळी आरपार दगड घालून. लांब दगड नाही मिळाला तर भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळी घालून काँक्रीट भरायचं, तेही चालतं. वरून पाणी गळू नये म्हणून उरलेल्या मातीत ताडपत्रीचा जाड कागद. यातलं बरंच काम गावच्या गवंड्याला येतं, एकदा अभियंत्याने उभं राहून दाखवावं लागेल.

वसमतची_लेक:

रविवारी गेले होते. काका म्हणतात खांब होता, वाटणीच्या वेळी काढला, दोन्हीकडे कपाट बसावं म्हणून. त्या खांबाचं आता गोठ्यात दावं बांधायला लाकूड झालंय. सागवान आहे, अजून ठणठणीत.

अण्णांना मातीचा हिशेब सांगितला. दहा टन ऐकून गप्प बसले आणि मग स्वतःच शिडी लावून वर गेले. कुदळीने एका कोपऱ्यात खणून बघितलं. खाली उतरून म्हणाले, "आमच्या आज्यानं एवढी घातली नव्हती." टाकी काढायला तयार आहेत. मातीलाही, पण ती त्यांचा जुना गवंडीच उतरवणार. मावशी, आईला विचारलं. मार्चपासून ती ओसरीवर दाराशी झोपते, अण्णांना सांगते की आत उकडतं.

अडलंय काकांकडे. खांब परत बसवायचा तर त्यांच्या बाजूला अर्धा फूट येतो. ते म्हणतात मोजणी करून घ्या.

औसेकर_मावशी:

मोजणी! देवा.

निवृत्त_शाखा_अभियंता:

काकांशी भांडत पावसाळा घालवू नका. खांब तुमच्याच हद्दीत, वाटणीच्या भिंतीला चिकटून उभा करा आणि तुळईखाली एक आडवं लाकूड देऊन भार त्याच्यावर घ्या. खाली दगडी उखळी हवी, नाहीतर खांब जमिनीत जाईल. गोठ्यातलं सागवान वापरायच्या आधी बुडाशी वाळवी बघा, तिथेच लागते.

क्रम मात्र बदलू नका. आधी तात्पुरते टेकू, मग माती, मग खांब. माती एका बाजूची सगळी काढून दुसरीकडे जायचं नाही, सगळ्या खणांवरून थराथराने सारखी उतरवायची. काम चालू असताना खाली कुणी थांबायचं नाही, जनावरंसुद्धा. काकांच्या बाजूचं माळवदही त्याच तुळयांवर आहे, त्यामुळे त्यांची माती तशीच राहिली तर तुळई कलेल, हे त्यांना आधीच सांगा. आणि उतरवलेली माती दक्षिणेच्या भिंतीला टेकून ढीग घालू नका, पहिल्या पावसात ती ओल भिंतीत उतरेल.