मोटरहोमचा पुढचा टायर फुटला तर? सुरक्षा पट्ट्याचा खर्च आणि खटाटोप पटतो का?

रानवाट
आमच्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीचे, पुढचे दोन्ही टायर बदलायला आलेत. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण वय झालंय, त्यामुळे त्यावर वाद नाही. टायर उतरतीलच तर रिमच्या मधल्या खोलगट भागात धातूचा सुरक्षा पट्टा आवळून घ्या, असं एका जाणकारांनी सुचवलं. हवा अचानक गेली की टायरची कड त्या खोलगट भागात घसरते आणि टायर रिमवरून सुटू शकतो. पट्टा ती जागा भरून टाकतो, म्हणून चपटा झालेला टायरही रिमवर टिकतो आणि गाडी ताब्यात ठेवून थांबवता येते.

तत्त्व पटलं, व्यवहार पटत नाही. पट्टे आणि मजुरी धरून टायरच्या खर्चात चांगलीच भर पडते. पुढे दरवेळी टायर काढताना आधी पट्टा सोडवायचा, त्याला वेगळं हत्यार लागतं आणि ते प्रत्येक टायरवाल्याकडे नसतं. टायर फुटायच्या आधी बहुतेक वेळा त्याची तयारी आतून चालू असते: हवा कमी, वजन जास्त, बाजूची भिंत सारखी वाकते, तापते, थर सुटत जातात. मग तेच पैसे हवेच्या दाबाच्या सेन्सरवर आणि टायर वेळेवर बदलण्यावर का घालू नयेत? विरोधी मतंही हवी आहेत.

दूरपल्ला
माझा पूर्ण विरोध. रस्त्यावर पडलेला लोखंडाचा तुकडा टायरची भिंत चिरतो तेव्हा कसलीही पूर्वतयारी नसते. सेन्सर कोकलतो त्याच क्षणी गाडी त्या बाजूला ओढायला लागलेली असते. पुढे दोनच चाकं, तीच दिशा देणारी. त्यातला एक टायर रिमवरून उतरला आणि उघडी रिम डांबरात रुतली, तर इतकी जड गाडी किती वळेल यावर चालकाचा फारसा ताबा उरत नाही. सेन्सर हवा हळूहळू जाते तेव्हाच कामाचा. मी पुढच्या दोन्ही चाकांना पट्टे बसवलेत आणि खर्चाची खंत नाही. घरातली सगळी माणसं त्या गाडीत झोपलेली असतात.

पानापक्कड
माझं कामच टायरचं आहे, म्हणून खटाटोपाची बाजू मांडतो. पट्टा टायरच्या मापावर नाही, रिमच्या मापावर घ्यायचा असतो. चुकीचा आवळला तर सैल होतो. बसवल्यावर चाकाचं बॅलन्सिंग करावंच लागतं. काही सेन्सर रिमच्या आतल्या बाजूला, नेमके त्याच खोलगट भागात बांधलेले असतात. तिथे पट्टा आणि सेन्सर एकत्र राहणार नाहीत. व्हॉल्व्हच्या टोकावर फिरवून बसवायचे सेन्सर चालतात, पण त्यांचं वजन पेलायला व्हॉल्व्ह धातूचा हवा, रबरी नको.

अडचण येते ती परक्या ठिकाणी. मदतीला आलेल्या टायरवाल्याला आत पट्टा आहे हे माहीत नसतं. तो नेहमीप्रमाणे कड खोलगट भागात ढकलायला जातो, कड हलत नाही, आणि जोर केला की टायर किंवा रिम खराब होते. पट्टा बसवणार असाल तर त्याचं हत्यार गाडीत ठेवा आणि रिमवर ठळक सूचना चिकटवा. स्टेपनीलाही पट्टा घालायचा का, हेही आधीच ठरवा, कारण पुढे स्टेपनी लागली की त्या चाकाचं संरक्षण गेलं.

मैलकुली
सगळे पट्ट्यावर बोलताय. रानवाट, तुम्ही गाडी वजनकाट्यावर नेली आहे का? पूर्ण भरलेली, माणसांसकट?

मोटरहोमचं दुखणं तिथेच असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की क्विंटलभर वजन वाढलं, आणि ती टाकी कोणत्या धुऱ्याजवळ (ॲक्सलजवळ) आहे त्यावर ते कुणाच्या डोक्यावर बसतं ते ठरतं. फ्रीज, ओटा, बॅटऱ्या एकाच बाजूला असतील तर डावं-उजवं वजन सारखं येत नाही. म्हणून धुऱ्याचं एकत्र वजन पुरत नाही, चाकागणिक हवं. मग टायर कंपनीचा तक्ता काढायचा, धुऱ्यावरच्या जड चाकाला लागणारा दाब बघायचा आणि तोच दाब दुसऱ्या चाकालाही भरायचा. तोही टायर थंड असताना. चालून तापला की दाब वाढतो, ते अपेक्षितच आहे. तो वाढलेला दाब बघून हवा सोडणं हा घातक प्रकार आहे.

वयाबद्दल: टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मोटरहोम महिनोन्‌महिने एका जागी उन्हात उभी असते, म्हणून टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो बदल, ही कमाल मर्यादा धरा. मी त्याच्या बराच आधी बदलतो.

हे सगळं न करता पट्टा बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

दूरपल्ला
मैलकुली, वजन-दाबाबद्दल एकही शब्द खोडत नाही. पण तुमचं छप्पर दुरुस्त झालं तरी रस्त्यावरचा लोखंडाचा तुकडा तिथेच आहे. हे किंवा ते, असा प्रश्न का करायचा?

सहप्रवासी
मागच्या जोडचाकांचं काय? आमच्या गाडीला मागे चार टायर आहेत.

पानापक्कड
तिथे पट्ट्याची गरज मला वाटत नाही. एक गेला तरी शेजारचा गाडी उचलून धरतो. धोका वेगळा: आतल्या टायरची हवा गेल्याचं चालकाला कळतच नाही आणि दुसरा दुप्पट ओझ्याखाली तापत राहतो. त्यामुळे सेन्सर सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो मागच्या जोडचाकांना. एक फुटला तर जोडीदारही तपासून घ्या, बहुधा तोही बदलावा लागतो.

उत्तरायण
स्टेअरिंगला स्प्रिंगचा स्टॅबिलायझर बसवा, तो चाकं सरळ धरून ठेवतो. टायर बदलला तरी तो तसाच राहतो, कुणाला सांगावं लागत नाही, वाऱ्यातही गाडी सरळ राहायला मदत होते.

मैलकुली
मदत होते, पण स्टेअरिंगचे झिजलेले सांधे त्याखाली झाकले जातात. आधी सांधे तपासा, मग बसवा.

आणि वेगाबद्दल कुणीच बोललं नाही. ताशी ११०वरून ९०वर आलात की गाडीतली गतिज ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. याला पैसा लागत नाही. पुढचा टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही. ब्रेकने वजन पुढे झुकतं आणि गाडी फुटलेल्या बाजूला आणखी ओढते. स्टेअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, क्षणभर ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, गाडी सरळ चालू लागली की पाय हळूहळू काढायचा.

दूरपल्ला
वाचताना सोपं आहे. त्या सेकंदाला पाय आपोआप ब्रेकवर जातो, अनुभवी माणसाचासुद्धा. तुमचा उपाय माणूस न घाबरण्यावर टिकून आहे. पट्ट्याला माणसाच्या मनःस्थितीशी देणंघेणं नाही, म्हणून मला तो हवा.

रानवाट
दूरपल्ला, हा मुद्दा लागला. आमच्याकडे गाडी आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो आणि दोघांच्याही पायाची खात्री मी देऊ शकत नाही. तरी चारही मागच्या चाकांना किंवा स्टेपनीला पट्टा नाहीच. मागे सेन्सर. पुढच्या दोन चाकांचा निर्णय वजन बघून: चाकागणिक भार टायरच्या क्षमतेच्या टोकाला असेल तर आधी सामान कमी करणार किंवा जास्त क्षमतेचा टायर रिमला चालतो का बघणार, मग पट्टा.

पानापक्कड
मग क्रम बदला. नवे टायर चढवल्यावर पट्टा ठरवलात तर तेच टायर पुन्हा उतरवावे लागतील आणि मजुरी दोनदा जाईल. वजनकाटा आधी, टायरची वेळ नंतर घ्या. वेळ घेताना पट्ट्याचं हत्यार आहे का तेही विचारा.