मदत हवी आहे: कुत्र्याच्या रबरी खेळण्यात घरातलं काय भरलेलं चालतं?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळ राहतो. आमचा खंड्या गावठी, दोन वर्षांचा, वजन १६ किलो. मी शाळेत आणि हे कामावर गेले की पाच तास एकटाच. एरवी आगरात हुंदडतो, पण आषाढ लागल्यापासून पडवीत अडकलाय, आणि कंटाळून त्याने खांबाचा कोपरा कुरतडलाय. म्हणून दिरांनी पुण्याहून ते पोकळ रबरी खेळणं पाठवलं. आत खाऊ भरून दिला की तासभर चाटत बसतो.

गेल्या आठवड्यात सत्यनारायणाचा शिरा उरला होता, तोच मी भरून दिला. त्यात बेदाणे होते. बहिणीला फोनवर सहज सांगितलं, तर ती किंचाळलीच. तसंच गाडी करून चिपळूणला डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन देऊन उलटी करवली, नंतर मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं. खंड्या बरा आहे. पण उलटीत ते टम्म फुगलेले बेदाणे दिसले तेव्हा माझे हातपाय गार पडले. मायेने भरवलेला घास होता तो.

आता हात धजत नाही. नाचणी, खोबरं, काजू, फणसाचे गरे, बांगडा, सुकट, आमच्याकडे हेच असतं. यातलं काय देऊ?

माडाखाली (मालवण):
ताई, वेळेत नेलंत हे फार बरं केलंत. द्राक्षं, मनुका, बेदाणे किती खाल्ले तर बाधतील याचा नेम नाही, एखाद्या कुत्र्याचं मूत्रपिंड थोड्यानेही निकामी होतं. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं. म्हणजे चिंचेचा कोळ घातलेलं कालवणही नको. आणि कुणी घरीच मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला सांगितलं तर ऐकू नका, मीठच जिवावर बेततं.

आमच्या दोघी कुत्र्यांना मी नाचणीची घट्ट पेज देते, बिनमिठाची. त्यात उकडलेला लाल भोपळा नाहीतर रताळं कुस्करायचं. ताजा बांगडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे बोटांनी चाचपून काढायचे. मी दोनदा चाचपते, शिजलेला काटा आतडं फाडू शकतो. सुकट नको, त्यात मीठ फार. आमटीतला, वाटपातला घासही नको, कांदा-लसणीने तांबड्या पेशी फुटतात आणि ते चार-पाच दिवसांनी कळतं.

खोबरं चिमूटभर. काजू बिनमिठाचे, एखाददुसराच, तेलकटपणाने पोट बिघडतं. गऱ्यातली आठळी आणि आंब्याची बाठ घशात नाहीतर आतड्यात अडकते, त्यांना जवळपासही येऊ देऊ नका. खेळायला नारळाचं सोडणही नको, काथ्या गिळला जातो.

किनाऱ्यावरून (दापोली):
विकतचं पीनट बटर घेणार असाल तर डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. झायलिटॉल किंवा बर्च शुगर (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर परत ठेवा, त्याने कुत्र्याची साखर झपकन उतरते, यकृतही जातं. मी शेंगदाणे भाजून, सालं काढून घरीच वाटते, मीठ-गूळ न घालता.

खेळण्याला दोन्ही टोकांना भोकं आहेत ना ते बघा. एकाच भोकाचं असेल तर आत हवा ओढली जाऊन जीभ अडकते. आणि खाऊ दिवसाच्या जेवणातूनच वजा करा, वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको.

खंड्याची आई (गुहागर):
दोघींचे मनापासून आभार. भोकं दोन आहेत, लगेच उठून बघितलं. काल तळाला बांगडा, मधे नाचणी आणि तोंडाशी रताळं, असं भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. रात्रभर वीज नव्हती, सकाळी सगळं पाणचट झालेलं, वासही आंबूस. टाकून दिलं. आज दुपारी ताजं भरलं. पुढच्या दोन पायांत धरून, डोळे मिटून चाटत होता, कानाच्या टोकाला नाचणी लागलेली.

एक राहिलं. आतली चिकट नाचणी बाटलीच्या ब्रशने निघत नाही, आणि तासाभरात मुंग्यांची रांग लागते. तुम्ही कशाने धुता?