'प्रतिलेखन घटक' की 'प्रतिलेखन कारक'?

माशांच्या विषाणूरोगांवरचा एक लेख मराठीत करतेय. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला, म्हणजे जनुकाची आरएनए नक्कल काढणं (प्रतिलेखन) सुरू करणाऱ्या किंवा आवरणाऱ्या प्रथिनाला, 'प्रतिलेखन घटक' लिहिलं. 'प्रतिलेखन' दहावीच्या पुस्तकात आहेच, त्याबद्दल शंका नाही. माझं वाक्य: 'आयआरएफ३ हा प्रतिलेखन घटक माशांच्या विषाणूविरोधी प्रतिसादाचे नियंत्रण करतो.' भाचीने वाचून विचारलं, "प्रतिलेखनाचा एक भाग का गं हा?" दुसरा शब्द सुचवाल का?

—

'घटक' सोडू नका. संस्कृतात घटक म्हणजे घडवून आणणारा. बंगालीत आजही लग्न जुळवणाऱ्याला घटक म्हणतात. लॅटिनमध्ये 'फॅक्टर'चा अर्थही 'करणारा' असाच. शब्द नेमका आहे, आपणच त्याचा अर्थ विसरलोय.

—

व्युत्पत्ती मान्य, पण वाचक आजच्या अर्थाने वाचतो. घटक पक्ष, घटक राज्य, घटक चाचणी: सगळीकडे 'भाग'. भाचीचं काहीच चुकलं नाही.

आयआरएफ३ काय करतो ते बघा. कार्प माशाच्या पेशीत विषाणू शिरला की त्याचा आरएनए ओळखणारी प्रथिनं जागी होतात. निरोप टीबीके१ या विकरापर्यंत पोचतो, ते आयआरएफ३ला फॉस्फेट जोडतं. मग दोन आयआरएफ३ एकत्र येतात, ही जोडी केंद्रकात जाते आणि इंटरफेरॉन या विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाअलीकडे डीएनएच्या ठरावीक जागी बसते. त्यानंतर आरएनए पॉलिमरेज जोमाने जनुकाची नक्कल काढू लागतं. सातबाऱ्यासारखंच आहे हे. दप्तर जागेवर राहतं, उतारा बाहेर येतो. पॉलिमरेज उतारा लिहिणारं, आयआरएफ३ उताऱ्यासाठी अर्ज देणारा. अर्जदाराला उताऱ्याचा घटक कसं म्हणायचं? म्हणून 'कारक'. रोगकारक, हितकारक हे शब्द आपल्या तोंडात आहेतच.

'प्रतिलेखन नियामक'ही चालला असता, पण आयआरएफचं पूर्ण नावच 'इंटरफेरॉन नियामक कारक' होतं. दोन नियामक एका वाक्यात आले की वाचणारा अडखळतो.

मला तर 'घटक'पेक्षा 'नियंत्रण' जास्त खटकलं. गर्दीवर नियंत्रण, रक्तदाब नियंत्रणात: मराठीत नियंत्रण म्हणजे आवर घालणं. तुमच्या वाक्यातून आयआरएफ३ प्रतिसाद दाबतो असं वाटतं, म्हणजे बरोबर उलटं! झेब्राफिशमध्ये आयआरएफ३ आणि आयआरएफ७ इंटरफेरॉन वाढवतात, आयआरएफ१० त्याला लगाम घालतो. माणसात आयआरएफ १ ते ९ एवढेच, हा दहावा नाहीच. वाढवणं आणि आवरणं दोन्ही सामावणारा शब्द 'नियमन'. आणि एकाच कारकाबद्दल लिहिताना तो नेमकं काय करतो तेच सांगा, 'नियमन'सुद्धा नको.

—

'नियंत्रण'चा हा घोळ माझ्या लक्षातच आला नव्हता. आता वाक्य असं: 'विषाणू शिरताच आयआरएफ३ हा प्रतिलेखन कारक माशाच्या पेशीतले इंटरफेरॉनचे जनुक चालू करतो.' इंटरफेरॉन तसंच ठेवते. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते नाव विषाणूच्या वाढीत आडवं येणारा पदार्थ म्हणून दिलं, पण आता ते विशेषनामासारखंच झालंय. एक राहिलं: आयआरएफ३ 'तो' की 'ते'?

—

कारक म्हटलंत तर 'तो', प्रथिन म्हटलंत तर 'ते'. एका परिच्छेदात दोन्ही आणू नका. 'घटक'बद्दल माझं मत तेच आहे, पण हे वाक्य 'कारक'नेच चांगलं वाचलं जातं.